यादीत नसलेली बाई

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मला धीर होतो आहे. शाळेतून आल्यावर मी पाटी दाखवायचे तेव्हा तू ओली बोटं लुगड्याला पुसून पाटीच्या लाकडी कडेवरून फिरवायचीस. अक्षरांना हात लावायची नाहीस. म्हणायचीस, "किती बारीक लिवतं व पोरी." एवढीच तुझी परीक्षा, आणि त्यात मी रोज पास. पुढे बी.ए. झाले तेव्हा तसं म्हणणारं कोणी नव्हतं. आज पुन्हा बारीकच लिहिते आहे, कारण कागद थोडे आहेत. आमच्या पाहणीचे वाया गेलेले फॉर्म आहेत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते. उलटून पाहिलं तर मागे छापील प्रश्न आहेत आणि प्रत्येकापुढे माझ्याच हातचं 'नाही' आहे.

मी अकोल्याला असते. जिनिंगच्या कारखान्यामागच्या गल्लीत खोली घेतली आहे. खिडकी उघडली की कापसाचे तंतू आत येतात आणि भाकरीवर बसतात. कोपऱ्यात एक मडकं आहे. त्या मडक्याविषयीच तुला सांगायचं आहे. परवा ते आमच्या कचेरीत साहेबांनी स्वतः उघडलं, आणि आतल्या बिया मोजल्या तर एका गावातल्या बायकांच्या यादीपेक्षा एक बी जास्त निघाली. ती कुठून आली, हे मी लिहून सही करून द्यायचं आहे, उद्या दुपारच्या आत. दिलं नाही तर मडकं बाद, आणि मडक्याबरोबर त्या भागाला मिळू शकेल अशी नर्सबाईही बाद. असं एकदम सांगितलं तर तुला कळायचं नाही. मलाही हे तुझ्यापासूनच सांगायला लागेल.

तू अमरावतीला कापूस बाजाराच्या फाटकाशी बसायचीस. आपल्या मळ्यातली वांगी, कोथिंबिरीच्या, म्हणजे तुझ्या बोलीत सांबाराच्या, जुड्या, आणि सणाच्या दिवसांत शेवंती. मी पाच-सहा वर्षांची, टोपलीला टेकून बसले आहे. समोर कापसाच्या गाड्या लागल्या आहेत. एक दलाल येतो, गाडीवाल्याचा हात हातात घेतो, वरून उपरणं टाकतो, आणि दोघं एकमेकांकडे न बघता गप्प उभे राहतात. उपरण्याखाली बोटं हलतात. मी विचारते, "माय, काय करून राहिले व ते?" तू म्हणतेस, "भाव बोलून राहिले." मी म्हणते, "मंग तोंडानं काहून नाई बोलत?" तू जुड्यांवर पाणी शिंपडत म्हणतेस, "तोंडानं बोललं तं साऱ्या बाजाराले समजते. हातानं बोललं तं ज्याले सांगाचं त्यालेच." आणि लगेच गिऱ्हाइकाकडे वळून, "घे न बाई, काल संध्याकाळी तोडलेली हायेत," असं सुरू करतेस.

त्या बाजारातलीच आणखी एक गोष्ट मला दिसते. उरलेल्या मालाची टोपली डोक्यावर चढवायला तू शेजारच्या पेरूवालीला हाक मारायचीस. टोपली चढली की तुझा एक हात टोपलीला असायचा आणि दुसरा लुगड्याच्या निऱ्यांवर, ओटीपोटाखाली, घट्ट दाबलेला. घरापर्यंत तू दोनदा बसायचीस, एकदा विहिरीच्या कठड्याशी आणि एकदा कडुनिंबाखाली. मला वाटायचं, माझे पाय दुखतात म्हणून थांबतेस. धाकट्याच्या बाळंतपणानंतर सव्वा महिना पुरा व्हायच्या आत तू मळ्यात पाणी ओढायला लागली होतीस आणि तेव्हापासून तुझं अंग बाहेर येत होतं, हे मला कळायला बरीच वर्षं गेली. तेव्हा मला फक्त तो हात माहीत होता.

मग ती छत्रीवाली नर्सबाई आली. कुठल्या तरी दवाखान्यातर्फे ती माळ्यांच्या वस्तीत घरोघर फिरत होती. आपल्या स्वयंपाकघरात तिला पाट दिला. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस, आजी उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती, मी दारामागे. बाईनं वही उघडली आणि मोठ्यानं विचारलं, अंगावरून काही जातं का, अंग बाहेर येतं का, उठता-बसता त्रास होतो का. तू भाकरीकडे बघत म्हणालीस, "काही नाही. मी चांगली आहो." बाई वहीत लिहायला लागली. आणि मी, शाळेत नुकतीच जायला लागलेली, विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं असतं हे नुकतंच शिकलेली, दारामागून म्हणाले, "माय टोपली उचलते तं खालून दाबून धरते. रोज."

तू उठलीस आणि माझ्या पाठीत धपाटा घातलास. पोलक्यावर पिठाची पाच बोटं उठली. नर्सबाईनं आजीकडे पाहिलं, आजीनं तुझ्याकडे पाहिलं. बाईनं वही मिटली, चहाला नको म्हटलं आणि ती गेली. तिचं काय चुकलं हे मी आता रोज बघते, तेव्हा ती मला देवासारखी वाटली होती. दुपारी भांडी घासताना तू मला जवळ ओढलंस. मला वाटलं आणखी मार बसतो. तू माझ्या पाठीवरचं पीठ झटकत हळू आवाजात म्हणालीस, "तुले कोनं विचारलं होतं व? ते विचारनारी तं उठून जाईन. मले इथं राहाचं हाय." संध्याकाळी आजी बाला ऐकू जाईल अशा बेतानं भिंतीशी बोलत होती, की बिघडलेल्या बाईच्या जिवावर मळा चालत नसतो. दुसऱ्या दिवसापासून तू पेरूवालीला हाक मारणं बंद केलंस. टोपली स्वतःच चढवायला लागलीस, आणि पहिल्यापेक्षा जड.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले, आणि त्या बाळंतपणात तू गेलीस. बाळही गेलं. कोतवाल आला, ओसरीवर बसला, आणि मृत्यूच्या नोंदीत कारण लिहून घेऊन गेला, ताप. त्याला पाणी मीच दिलं होतं.

मी शिकले ते तू गेल्यामुळे, असं कोणी म्हटलं तर मला आवडत नाही, पण ते थोडं खरं आहे. घरात मुलीला थांबवणारं जे कोणी होतं ते तू गेल्यावर जरा सैल झालं. बा माझ्याशी कमी बोलायचा, पण फी कधी थांबली नाही. निकाल लागला तेव्हा तो मळ्यातून तसाच चिखलाच्या पायांनी वस्तीत सांगत सुटला, "माही पोरगी बी.ए. झाली." कुणी तरी विचारलं, "मंग आता कलेक्टर होते का?" बा म्हणाला, "थे सरकारले विचार. सरकार नागपूरले बसते, मी मळ्यात बसतो." त्या दिवशी तो इतका हसला की आजीसुद्धा हसली. शाळेत नोकरी मिळत होती ती मी घेतली नाही. अकोल्याला बायकांच्या दुखण्यांची पाहणी निघणार, घरोघर जाऊन विचारणारी शिकलेली बाई हवी, असं कळलं, आणि मी अर्ज केला. मनात म्हटलं, आपण उठून न जाणारी होऊ.

साहेब डॉक्टर आहेत, पुण्याकडचे, माणूस सज्जन. माझ्याशी अहोजाहो बोलतात आणि माझी बोली ऐकून कधी हसत नाहीत, फक्त भुवया थोड्या वर जातात. प्रश्न त्यांनीच तयार केले. उत्तरांतून या भागातल्या बायकांना अंग बाहेर येण्याचा त्रास बराच आहे असं दिसलं, तर आरोग्य खात्याचं बोर्ड इकडे एक शिकलेली नर्स नेमणार, अकोला-अमरावतीच्या खेड्याखेड्यांत फिरणारी. दिसलं नाही, तर ती जागा दुसऱ्या भागाला जाणार. म्हणजे सगळं उत्तरांवर होतं. पहिल्या गावात मी चावडीजवळच्या ओसरीवर बसले आणि फॉर्म वाचायला लागले, 'आपणांस गर्भाशय स्थानभ्रष्ट होण्याचा विकार आहे काय?' एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "पोथी लावली का व यायनं?" शेजारीण म्हणाली, "ऐकून घे. पुन्य लागते." प्रश्न मी आपल्या भाषेत करून विचारला, तेव्हा हसणं थांबलं आणि सगळ्यांनी 'नाही' म्हटलं. दुसऱ्या गावात 'नाही'. तिसऱ्या गावात 'नाही'. महिन्याभरानं साहेब फॉर्मचा गठ्ठा हातात तोलत म्हणाले, "तुमच्या वऱ्हाडातल्या बायका काटक दिसतात हो." त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. मला निऱ्यांवरचा हात दिसत होता.

मी बायकांकडे बघायला लागले तेव्हा लक्षात आलं की त्या माझ्या तोंडाकडे बघतच नाहीत, पेन्सिलीकडे बघतात. मी प्रश्न विचारते, पेन्सिल टेकवते, आणि समोरची बाई त्या टोकाकडे असं बघते की ते आता कुणीकडे जाईल. शेजारी सासू आहे, जाऊ आहे, पाण्याला निघालेली नणंद घागर काखेत घेऊन मुद्दाम थांबली आहे. हो म्हटलं की लिहिलं जाणार, आणि लिहिलेलं कोण कधी वाचेल याचा नेम नाही. मी तरी काय करत होते? छत्री तेवढी नव्हती.

तेव्हा तो उपरण्याखालचा भाव आठवला. मी साहेबांना म्हटलं, बायकांना तोंडानं सांगायला लावू नये, हातानं सांगू द्यावं. प्रत्येकीच्या हातात दोन प्रकारच्या दोन बिया द्यायच्या, एक त्रास असल्याची, एक नसल्याची. पडद्याआड मडकं ठेवायचं. जी खरी असेल ती बी मडक्यात टाकायची आणि दुसरी बाहेर पडल्यावर कुठेही फेकायची. शेवटी किती बायकांना त्रास आहे ते कळेल, कुणाला आहे ते कुणालाच कळणार नाही. मलाही नाही. "मतदानासारखं," साहेब म्हणाले, "करून पाहा. दोन गावांत."

पहिल्यांदा मी मूर्खासारखी तूर आणि हरभरा घेऊन गेले. एक बाई मूठ उघडून म्हणाली, "अन्न हाय व माय हे. याच्यावर असली दुखनी मोजाची?" तिचं खरं होतं. बायकांनी दाणे कपाळाला लावले, पदराच्या टोकाला बांधले आणि घरी गेल्या. मडकं रिकामं. मग मी ज्याला अन्न म्हणत नाहीत असं शोधलं. सरकी म्हणजे त्रास नाही, चिंचोका म्हणजे त्रास आहे. दोन्ही घरोघर सापडतात आणि मुठीत मावतात. मला वाटलं, आता सगळं जमलं.

दोनांपैकी पहिल्या गावात शाळेच्या खोलीत चादर बांधली, मागे मडकं ठेवलं. मी बाहेर ओट्यावर यादी घेऊन बसले, बायका भोवती बसल्या. माझ्या सांगण्यावरून सगळ्या अगदी गप्प होत्या. मी शपथ घेतल्यासारखं सांगितलं होतं, "तुमी काय टाकलं, कोनाले समजनार नाई." चौघी-पाचजणी जाऊन आल्या. मग एक तरुण सून आत गेली. तिला एकच मूल, तेही मांडीवर घेण्याएवढं. ती आत गेली, आणि मडक्यातून आवाज आला, टण्.

माय, सरकीला कापसाची लव असते. ती पडली तर आवाज होत नाही. चिंचोका मडक्याच्या तळावर वाजतो. हे मला, कापसाच्या मुलखात जन्मलेलीला, सुचलं नव्हतं. आणि त्याहून वाईट सांगते. आवाज आला तेव्हा मला आनंद झाला. इतक्या महिन्यांतलं पहिलं खरं उत्तर, असं वाटलं. मी यादीवरून मान वर केली तेव्हा हसत होते. समोर तिची सासू बसली होती, तीही चादरीकडेच बघत होती. सून बाहेर आली. तिच्यानंतर गेलेल्या एकीचाही आवाज आला नाही. संध्याकाळी मडकं उघडलं तर सगळी सरकी, आणि एक चिंचोका.

गावची सुईण माझ्याबरोबर वेशीपर्यंत आली. अंगानं वाळलेली, तोंडात दात थोडे, पण आवाज असा की बैल थांबावा. म्हणाली, "तुह्या मडक्यानं चुगली केली, बाई." मी रडायला लागले तशी ती चिडली. "आता तू कायले रडतं? तुले कोनं घराबाहेर काढलं?" मग रस्त्याच्या कडेला पऱ्हाटीला राहिलेला कापूस ओरबाडून तिनं माझ्या मडक्यात तळाशी दाबला आणि वरून एक चिंचोका टाकला. काही ऐकू आलं नाही. "आसं कराचं असते," ती म्हणाली. तिनं तेवढ्यात केलं ते माझ्या बी.ए.ला आधी सुचलं असतं तर.

पंधरा-वीस दिवसांनी मी अमरावतीला घरी चालले होते. बडनेऱ्याला गाडी बदलायला उतरले. बाकाच्या टोकाशी ती सून बसली होती, गाठोडं पायाशी, मूल जवळ नव्हतं. तिचा भाऊ तिकिटाच्या खिडकीशी उभा होता. तिनंच मला आधी ओळखलं. मी जवळ गेले आणि विचारलं, "माहेरी चालल्या का?" ती म्हणाली, "धाडलं. सासू म्हन्ते, दुरुस्त होऊन ये. नाईतं दुसरी पाहून ठेवली हाय." मी विचारलं, "आन् लेकरू?" ती म्हणाली, "थे ठेवून घेतलं." भाऊ तिकिटं घेऊन आला, तशी ती उठली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी तं सांगतलं होतं, कोनाले समजनार नाई म्हून." तिला राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, की मी तसं का सांगितलं. अमरावतीची गाडी लागली होती. तिला त्याच गाडीनं जायचं होतं आणि मलाही. मी दुसऱ्या डब्यात चढले. दवाखान्याची चिठ्ठी घेऊन नंतर दोनदा तिच्या माहेरी गेले, भावानं दारातूनच परतवून लावलं. नर्सबाई त्या भागात असती तर तिला बोलावून न्यावं लागलं नसतं, ती आपण होऊन दारावरून गेली असती. म्हणूनच मला ती जागा इकडे हवी आहे. पूर्वी चांगलं काम म्हणून हवी होती, आता ते देणं आहे.

दुसऱ्या गावात मी कापूस घेऊन गेले. तीच सुईणही आली, तिकडची बाळंतपणंही तीच करायची. तिनं सगळ्यांसमोर मडकं उलटं करून दाखवलं, कापूस भरला, आणि बायकांना सांगितलं, "हे मडकं आता मुकं हाय. माही जबाबदारी." माझ्या शब्दावर एकही बाई उठली नसती. तिच्यावर उठल्या. एकेक आत जायची, आणि आत वेळ घ्यायची. एक बाई इतका वेळ उभी राहिली की चादरीखाली दिसणारी तिची पावलं मला पाठ झाली, भेगा पडलेल्या टाचा, एका पायात जोडवं, दुसऱ्यात नाही. काही आवाज आला नाही. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं नाही, पण जाताना डोक्यावरचा पदर सारखा केला, जसा देवळातून निघताना करतात. शेवटी एका म्हातारीनं विचारलं, "झालं? मंग नर्सबाई कवा येते?" मी म्हटलं, "येईल." हे वचन द्यायचा मला काय अधिकार होता?

सगळ्या गेल्या. सुईण बाहेर तंबाखू मळत होती. मी चादर सोडायला आत गेले. टोपलीत उरलेल्या बिया होत्या. मी एक सरकी आणि एक चिंचोका उचलला, मूठ पदराखाली घेतली, आणि मडक्यावर धरली. त्या वेळी मी पाहणीची बाई नव्हते. मी आपल्या स्वयंपाकघरात दारामागे होते, आणि उंबऱ्यात कोणी बसलेलं नव्हतं, आणि तुला कोणी तरी नीट विचारलं होतं. चिंचोका टाकला. आवाज झाला नाही. मग मडक्याचं तोंड कापडानं बांधलं, गाठीवर लाख लावली, कारण तसं ठरलं होतं. लाख वाळेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की यादीतल्या नावांशी बिया जुळायला हव्यात. ती अटही माझीच होती.

परवा कचेरीत लाख फोडून मडकं उघडलं गेलं. चिंचोके सरकीच्या निम्म्याहून जास्त होते. साहेब त्यांच्याकडे बघत म्हणाले, "मी यांना काटक म्हटलं होतं." हे ते स्वतःशी म्हणाले, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. मग मोजणी झाली आणि एक बी जास्त निघाली. "बाई, युक्ती चांगली आहे," ते म्हणाले, "पण वर बोर्डाला काय सांगू? एकीनं दोन टाकल्या आणि दुसरीनं एकही टाकली नाही, असं कितींदा झालं असेल, कोण सांगणार? विरोध करणारे हेच पहिलं बोट ठेवतील." त्यांनीच वाट दाखवली. "की यादीत एखादी बाई धरायची राहिली? तसं असेल तर नाव घाला, सही करा. मी कागद पुढे पाठवतो."

मी सरळ सांगू शकते, की ती बी माझी. मग ते मडकं पाहणी करणाऱ्या बाईनंच बिघडवलेलं ठरतं, आणि ज्या बायका भेगाळल्या पायांनी इतका वेळ उभ्या राहिल्या त्यांचं उत्तर कचऱ्यात जातं. पुन्हा तिथे जाता येत नाही. बोर्डाची बैठक आठवड्यावर आली आहे, आणि बडनेऱ्याच्या बाकावर बसलेल्या त्या सुनेची गोष्ट गावोगाव पोचली आहे. सुईण म्हणाली, "आता दुसऱ्यांदा मडकं आनलं तं माह्याच डोक्यावर फोडतीन." नाव घालायचं तर कुणाचं? त्या गावातल्या जिवंत बाईचं घातलं, तर उद्या कोणी खात्री करायला तिच्या दारात जाऊन उभं राहील, सासूसमोर, वही उघडून. ते मी एकदा केलं आहे. सही नाकारली तर नर्स दुसरीकडे जाते, आणि ती सून माहेरी बसलेली राहते. कुठूनही निघाले तरी मी या खोलीतच परत येते, मडक्यासमोर. काल दिवसभर खिडकी लावून घेतली होती, तरी कापूस आत येतच राहिला.

इथवर लिहून थांबले होते. आता कचेरीत जाऊन आले आहे.

साहेबांनी यादी पुढे केली. खाली एक ओळ मोकळी होती. मी तिथे तुझं नाव लिहिलं. वयाच्या रकान्यात तुझं जातानाचं वय लिहिलं, माझ्यापेक्षा ते दोनच वर्षांनी जास्त आहे, हे लिहिताना कळलं. मुलं किती झाली, किती राहिली, तेही लिहिलं. तिथे लेखणी अडली नाही. कोणी शोधत गेलं तर तू त्या गावात सापडणार नाहीस, आणि त्या दिवशी माझी नोकरी जाईल, कदाचित मडकंही. पण तोवर त्या यादीत तू एकटीच अशी आहेस, जिच्या दारात कोणी उभं राहिलं तरी काही बिघडणार नाही. तुला आता कुठे राहायचं नाही.

हे कागद गठ्ठ्यात परत ठेवता येणार नाहीत, आणि टपालात टाकायला पत्ता नाही. मडक्यात कापसाखाली ठेवते.

एक राहिलं. साहेबांनी सहीवरची शाई टिपली, आणि तुझ्या नावावर बोट ठेवून सहज विचारलं, "वय, मुलं, सगळं तोंडपाठ लिहिलंत. ही कोण तुमची?" मी त्यांच्या बोटाकडे बघत म्हटलं, "कोणी नाही."